जीवशास्त्राचं पुस्तक कोण निवडणार

गणिताचं पुस्तक शंकूने दहा मिनिटांत निवडलं. भौतिकशास्त्राला एक दुपार पुरली. जीवशास्त्राचं मात्र आईने स्वतःकडे घेतलं आणि गाडं तिथेच अडलं.

शंकू पंधरा वर्षांची. शाळेच्या दाखल्यावर तिचं वेगळं नाव होतं. पण लहानपणापासून एकामागून एक शंका काढायची, म्हणून बाबांनी शंकू म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. गेल्या वर्षी तिला कावीळ झाली. चार महिने घरी काढले, त्यात एकटीने अभ्यास करून वर्गाला मागे टाकलं आणि बरी झाल्यावर सांगून टाकलं, की आता घरूनच शिकणार.

"शाळेत एका तासात जे शिकवतात ते मी वीस मिनिटांत करते," ती म्हणाली. "उरलेली चाळीस मिनिटं बाई बाकीच्यांना 'गप्प बसा' म्हणतात."

आईने पुष्कळ हुज्जत घातली. बाबा म्हणाले, "राहू दे की. मीही घरीच आहे." मग शिक्षण कार्यालयात अर्ज गेला, परवानगी आली आणि सोबत मान्य पुस्तकांची यादी आली. जीवशास्त्राची पाच होती. त्यांतलं कोणतं घेतलं ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं.

बाबा घरी होते, कारण त्यांचं काम सुटलं होतं. ते फरशा बसवायचे. दोरी न लावता नुसत्या नजरेने सरळ ओळ धरणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचे हात अधूनमधून आपले आपणच उडायला लागले. नीट बसवलेली फरशी शेवटच्या क्षणी सरकायची, कोपरा टवकायचा. पुढे चालही बिघडली. चालताना पाय भलतीकडे पडायचा, खांदा मध्येच उसळायचा. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा आजाराचं नाव कळलं: हंटिंग्टन. मेंदूचा आजार. औषधांनी थोडा आराम पडतो, बरा होत नाही, हळूहळू वाढत जातो. आई-बापांकडून येतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून विचारलं होतं, "मुलं?"

"एक मुलगी."

"तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. असेल किंवा नसेल. रक्त तपासलं की कळतं, पण ते ती सज्ञान झाल्यावर, तिला हवं असलं तरच."

दवाखान्याचा जिना उतरता उतरता ठरलं, अठरा पूर्ण होईपर्यंत तिला सांगायचं नाही. तोवर विचारलं तर "नसांचा अशक्तपणा". हे आईने ठरवलं, बाबांनी मान हलवली. पण त्यांची मान एरवीही हलायची, त्यामुळे होकार खरा होता की नाही, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

यादी हातात पडली तेव्हा आईच्या डोक्यात पहिला शब्द आला तो आनुवंशिकता. ती वीस वर्षं एका बाइंडिंगच्या दुकानात काम करत होती. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वाचनालयांची फाटलेली पुस्तकं, वकिलांची जुनी कागदपत्रं, सगळं शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. जीवशास्त्राची पुस्तकंही तिच्या हाताखालून गेली होती. आईबापांकडून मुलांकडे काय जातं, याचा धडा प्रत्येकात असतो एवढं तिला ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात गेली. तिथले काका तिला ओळखायचे. पाचही पुस्तकं त्यांनी काउंटरवर मांडली आणि तिने उभ्या उभ्या प्रत्येकाचा तोच धडा काढला. पहिल्यात एक चौकट होती आणि चौकटीत चाकांच्या खुर्चीतल्या माणसाचा फोटो. खाली तेच नाव. दुसऱ्यात तक्ता, तिसऱ्या ओळीत तेच नाव. तिसऱ्या पुस्तकात धड्याच्या शेवटी प्रश्न: वडिलांना हंटिंग्टन आहे, आईला नाही, तर अपत्याला होण्याची शक्यता किती ते काढून दाखवा. चौथं सगळ्यांत जाड. त्यात या एकाच आजाराला अख्खं पान, पुढून-मागून. एका घराण्याचे चौकोन आणि वर्तुळं, काही पांढरी, काही काळी भरलेली. आईने ते झटकन मिटलं.

"काय झालं, ताई?" काकांनी विचारलं.

"काही नाही. हे पाचवं कसंय?"

"हे?" काकांनी तोंड वाकडं केलं. "पातळ आहे."

पाचव्यात वाटाण्याची रोपं होती, डोळ्यांचा रंग होता आणि धडा तिथेच संपला होता. आईने ते घेतलं.

शंकूने ते तासाभरात चाळून टेबलावर टाकलं. "आई, यात पेशीची चित्रं किती आहेत माहितीये? एक! आणि जनुकं दीड पानात उरकलीत. हे काय, वेळापत्रक आहे का पुस्तक?"

"यादीत आहे ना? मग झालं तर."

"मी काकांना फोन केला होता. ते म्हणाले चौथं सगळ्यांत चांगलं."

"त्यांना काय, जाड पुस्तक खपवायचंय."

"आणि तुला जीवशास्त्रातलं कधीपासून कळायला लागलं?"

"वीस वर्षं पुस्तकं बांधतेय मी."

"बांधतेस. वाचत नाहीस," शंकू म्हणाली आणि लगेच तिचं तोंड उतरलं. "सॉरी. पण खरंच, आई. बाकी सगळी पुस्तकं माझी मी निवडली. याच एकाला तू का धरून बसलीयेस?"

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांचा डावा पाय जमिनीवर ताल धरल्यासारखा आपटत होता. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पातळ पुस्तक परत करून चौथं आणलं, पण घरी नेलं नाही, बाइंडिंगच्या दुकानात नेलं. दुपारी मालक जेवायला घरी गेले, तेव्हा तिने ते कामाच्या टेबलावर उघडलं. पान दोनशे तेरा. पुस्तक सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवून बांधलेलं होतं. दोनशे तेराचं पान मुळापासून काढलं तर त्याच्या जोडीचं, दोनशे एकोणीसचं, सुटून येणार. म्हणून तिने स्टीलची पट्टी लावली, पात्याने पान कापलं आणि शिवणीशी काडीएवढी पट्टी शिल्लक ठेवली. ती पट्टी पुढच्या पानाच्या मुळाशी सरसाने चिकटवली, वर मेणकागद ठेवला आणि पुस्तक वजनाखाली दाबलं. कापलेलं पान तिने कात्रणांच्या पोत्यात टाकलं. मग परत काढलं. घडी करून पर्समध्ये ठेवलं, तिथूनही काढलं आणि शेवटी तुकडे करून पोत्याच्या पार तळाशी खुपसलं. आकड्यांची उडी मुलीच्या लक्षात येईल हे तिला कळत होतं. त्याला उत्तर तयार होतं: छापखान्यातली चूक. पानं गळालेली पुस्तकं दुकानात नेहमी यायचीच.

जाड पुस्तक बघून शंकूने तिला मिठीच मारली.

पुढचे तीन दिवस आईचा पाय कुठे ठरेना. शिवताना दोरा चुकायचा. एका प्रबंधाचं मुखपृष्ठ तिने उलटं चढवलं आणि मालकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" दर दोन तासांनी ती घरी फोन लावायची.

"काय चाललंय?"

"अभ्यास."

"कुठला धडा?"

"पचन. आई, मी अजून लहान आतड्यात आहे. तू सकाळी फोन केलास तेव्हा जठरात होते. एवढी काय घाई आहे तुला?"

आई हसायची, फोन ठेवायची आणि आतड्यापासून आनुवंशिकतेपर्यंत किती धडे उरले ते मनात मोजायची.

चौथ्या दिवशी दुपारी पुस्तकवाल्या काकांचा फोन आला. त्यांचा आवाज दबलेला होता. "ताई, जरा येता का? तुमचे मिस्टर इथे आलेत. म्हणजे... कसं सांगू, जरा घेतलेली दिसतेय. दारात पडलेच असते."

तिने सरसाचा हात पुसलाही नाही. दुकानापासून चौक दहा मिनिटांवर, ती अर्धं अंतर पळाली. सिग्नलला थांबणं तिला जमेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर करत होती आणि शेजारची बाई तिच्याकडे बघत होती. हा रस्ता ते एकटे कसे ओलांडून आले असतील? तिने त्यांना एकट्याने खालच्या दुकानातसुद्धा जाऊ नका म्हणून बजावलं होतं.

बाबा काउंटरच्या आत ठेंगण्या स्टुलावर बसले होते. शर्टाच्या बाहीला माती, कपाळाला खरचटलेलं. मांडीवर तेच जाड पुस्तक, नवी प्रत. हाताच्या झटक्याने पान उलटू नये म्हणून त्यांनी त्यावर अख्खं कोपर दाबून धरलं होतं.

"अहो, हे काय? कोणाला विचारून निघालात?"

"तू कोणाला विचारून कापलंस?" बाबा म्हणाले.

आईने त्यांच्या कोपराखालचं पान पाहिलं.

"पुस्तकाच्या शेवटी सूची असते," ते सावकाश बोलत होते. शब्द जिभेवर अडखळायचे. "शंकू आंघोळीला गेली होती. म्हटलं, आपल्याबद्दल काय लिहिलंय बघू. ह अक्षर काढलं. पान दोनशे तेरा. उघडलं तर दोनशे बारावरून एकदम दोनशे पंधरा." मग म्हणाले, "काम मात्र सुरेख केलंयस. बोट फिरवूनसुद्धा सांधा लागत नाही."

"तिने पाहिलं?"

"नाही अजून."

"मग... "

"मग काय? आता सूची कापशील? आणि उद्या ती वाचनालयात गेली तर?"

"तीन वर्षं, अहो. फक्त तीन वर्षं तिला सुखाने राहू दे, एवढंच मागतेय मी."

"माझ्या आईला गल्लीतली मुलं दारुडी म्हणायची," बाबा म्हणाले. "ती चालायला लागली की मुलं तिच्यामागून झोकांड्या खात यायची. मी कधी त्यांना मारलं नाही. मीही तेच समजायचो. ती गेली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि खरं सांगू? सुटलो म्हटलं. ती थेंबही पीत नव्हती, हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं, त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. तेव्हा कोणाची माफी मागू?"

काका काउंटरपलीकडे पावत्यांचा गठ्ठा उगाचच नीट करत होते. त्यांची मान खाली गेली. आत जाऊन त्यांनी पाण्याचा ग्लास आणला आणि बाबांच्या हाती न देता त्यांच्या ओठांपाशी धरला. "माफ करा," ते पुटपुटले. मग पुस्तक कागदात बांधून दिलं.

घरी जाताना आईने त्यांचा दंड घट्ट धरला होता. दोन्ही बाजूंनी माणसं वळून बघत होती. वाटेत ती दोनदा म्हणाली, "आज नको, उद्या सांगू." बाबा दोन्ही वेळा तसेच चालत राहिले.

शंकू दारातच उभी होती. केस अजून ओले, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"कुठे गेला होतात?" ती बाबांवर ओरडली. "किती शोधलं मी! मागच्या रस्त्यावर त्या बारच्या दारापर्यंत जाऊन आले!"

"बारच्या?" आई म्हणाली.

शंकूने ओठ दाबले. पण आता ते थांबण्यातलं नव्हतं. "मला काय दिसत नाही? बाबांचा तोल जातो, जीभ जड होते, कप हातातून पडतो. तू विचारू देत नाहीस. नसांचा अशक्तपणा म्हणे! वर्षभर मी बाटल्या शोधतेय. कपाटावर, फरशीच्या अवजारांच्या पेटीत, गादीखाली. त्यांचा कप हुंगून बघते मी, रोज! सापडत काहीच नाही. म्हणून तर घरी राहिले. कोणी लक्ष ठेवायला नको?"

"म्हणजे शाळा... "

"शाळेचं खरंय, कंटाळा येतो. पण त्यासाठी कोणी शाळा सोडतं का, आई?"

जे लपवून आईने मुलीला सुखात ठेवलं असं तिला वाटत होतं, त्याने मुलीला वर्षभर बापाचे कप हुंगायला लावले होते.

बाबा खुर्चीत बसले. "शंकू, ये इकडे. मी पीत नाही. कधीच नाही. मला आजार आहे. माझ्या आईला होता, तिच्याकडून मला आला." त्यांनी कागद सोडवायचा प्रयत्न केला; तो टरकन फाटला. "यात आहे सगळं. पान दोनशे तेरा."

शंकूने उभ्यानेच पान वाचलं. उलटलं. मागचं वाचलं. परत पुढे आली आणि त्या घराण्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"वर्तुळ म्हणजे बाई. ही आजी?"

"समज तसं."

"चौकोन तुम्ही." बोट खालच्या ओळीत आलं आणि तिथे थांबलं. "मग मी?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले. "निम्मं-निम्मं. होईल किंवा होणार नाही."

"तुला नसेलच," आई घाईने म्हणाली.

"आई, असं नाही म्हणता येत," शंकू म्हणाली.

ती रडली नाही. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत राहिली. बाबांचा पाय आपटत होता, तिच्या दोन वेगळ्या चपला वेगवेगळ्या वाजत होत्या. मध्येच थांबून तिने बाबांचं कपाळ बघितलं, कापूस आणला, खरचटलेलं पुसलं. मग म्हणाली, "सॉरी, बाबा. त्या बाटल्यांचं."

"अगं, मी तर माझ्या आईला... " बाबा म्हणू लागले. शंकूने त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. ते हलत होते, म्हणून तीही हलत होती.

त्यानंतर तिच्या लक्षात आलं की घरात या पुस्तकाच्या दोन प्रती झाल्यात. जुनी प्रत काढून तिने पान उघडलं आणि आईकडे बघितलं. "तू?"

आईने मान हलवली.

"तोंडाने सांगायला तुला जमलं नाही आणि हे जमलं?"

दोन दिवस ती आईशी बोलली नाही. "मीठ दे" हेसुद्धा बाबांमार्फत. आई कामावर जायची. पण आता घरी फोन करायलाही तोंड नव्हतं, त्यामुळे दिवस संपता संपत नव्हता. संध्याकाळी ती दार हळूच उघडायची. आत बघावं तर बापलेक टेबलावर पुस्तकं पसरून बसलेले. शंकूने काकांकडून उरलेलीही मागवली होती. आता पाचही घरात होती आणि ती रोज सगळ्यांतलं एकेक प्रकरण काढून मोठ्याने वाचायची. बाबा परीक्षक.

"हे पहिल्या पुस्तकाचे लेखक कोण आहेत?" बाबा विचारायचे. "वाक्य संपतच नाही यांचं. तोवर माणूस उत्क्रांत होईल."

तिसऱ्या दिवशी आईने चहाचे कप ठेवले आणि तिथेच उभी राहिली. "शंकू, मी चुकले. भीती वाटली गं मला. तुझी नाही. तुझं तोंड कसं होईल ते बघायची."

शंकू पुस्तकातच बघत होती. "बस," ती म्हणाली. "दुसऱ्या पुस्तकातली मज्जासंस्था चाललीये. झोप येईल, पण बस."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिने अर्ज भरला. जीवशास्त्रापुढे तिसऱ्या पुस्तकाचं नाव होतं.

"चौथं का नाही?" आईने विचारलं. "तेच हवं होतं ना?"

"चौथ्यात सगळं आहे, पण नुसतं सांगितलेलं. तिसऱ्यात प्रत्येक धड्याला घरी करण्यासारखे प्रयोग आहेत. आपल्याकडे कुठे प्रयोगशाळा आहे?"

"त्यात तो प्रश्न आहे, धड्याच्या शेवटी... "

"हो. सोडवला. एका ओळीचं गणित आहे."

अर्ज द्यायला दोघी गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने शिक्का मारला, पोच दिली आणि जेवायला उठला. बाहेर दुपारची रहदारी होती. शंकू भराभर चालत होती, आई तिच्या मागे.

"अठरा झाल्यावर मी तपासून घेतलं नाही, तर चालेल?" शंकूने मागे न बघता विचारलं.

"चालेल."

"आणि घेतलं तर?"

"तर मी येईन सोबत."

"आत नको येऊस. बाहेर बाकावर बस."

"बसेन."

"तू?" शंकू आता वळली. "तुला कुठे बसवतं का पाच मिनिटं? येरझाऱ्या घालून लोकांचा जीव नकोसा करशील."

आईला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरले, म्हणून तिने पोचपावती पर्समध्ये ठेवण्याचं निमित्त केलं. शंकूने ते बघितलं. सिग्नलचा दिवा बदलत होता. तिने आईचं मनगट धरलं आणि रस्ता ओलांडायला ओढलं.

"चल लवकर. खिडकीत बाटलीला फुगा लावून यीस्ट ठेवलंय. दर अर्ध्या तासाला फुग्याचा घेर मोजायचाय. बाबांना सांगून आलेय, पण त्यांनी लिहिलेले आकडे मला लागत नाहीत, आणि विचारलं तर म्हणतात, तीनही असेल, आठही असेल."